अपटाइम कुमा: वायफायचा फिल्टर खरंच चालतोय का बघायला लावला, त्याचा रिव्ह्यू

फिल्टर बंद पडला की कोणी फोन करत नाही, सगळा लोचा इथेच आहे. नेट स्लो झालं तर पाच मिनिटांत ग्रुपवर मेसेज, प्रिंटर अडकला तर लगेच "दादा जरा बघता का", पण नको त्या साइट उघडायला लागल्या तर सगळे गप्प. आमच्या तालुक्याच्या गावात एक अभ्यासिका आहे, एमपीएससी आणि पोलीस भरतीवाली पोरंपोरी बसतात, वरच्या मजल्यावर शाळकरी मुलांसाठी कॉम्प्युटरची एक खोली, तिथलं वायफाय मी बघतो, चहावर. राउटरमध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीचा फॅमिलीवाला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता सांगणारा सर्व्हर) टाकलेला, १.१.१.३ आणि १.०.०.३, तो मालवेअर आणि ॲडल्ट दोन्ही अडवतो, फुकट आहे, अकाउंट पण लागत नाही. मध्ये नेटवाल्याचा माणूस आला, राउटर फॅक्टरी रिसेट केला, "नेट चालू झालं बघा" म्हणून सही घेऊन गेला आणि डीएनएस परत त्यांच्या कंपनीचा. किती दिवस तसं चाललं देव जाणे. व्यवस्थापक काकांनी एकच प्रश्न विचारला, "अरे पण हे आपल्याला कळणार कसं?"

तर कळायला म्हणून अपटाइम कुमा लावला. हे मुळात सर्व्हर, वेबसाइट चालू आहेत का ते बघणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, लुई लॅम नावाच्या डेव्हलपरने २०२१ मध्ये काढलेलं, एमआयटी लायसन्स, म्हणजे पैसे शून्य. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) एका कमांडवर चालतं, ब्राउझरमध्ये ३००१ पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार) उघडायचं, जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर पुरतो. प्रत्येक चेकची हिरवी-लाल पट्टी दिसते, बिघडलं की टेलिग्रामवर मेसेज. सेटअप इतका सोपा की त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खरी मजा अपसाइड डाऊन मोडमध्ये आहे. एक टिक मारली की सगळं उलटं, साइट उघडली तर लाल, नाही उघडली तर हिरवी. आपल्याला हेच पाहिजे ना. आणि टेस्ट करायला खरीखुरी घाणेरडी साइट टाकायची गरज नाही हां, क्लाउडफ्लेअरनेच त्यासाठी पत्ते ठेवलेत, न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम आणि मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम, १.१.१.३ वर हे दोन्ही अडले पाहिजेत. ओपनडीएनएस ही अशीच दुसरी सेवा, ती वापरणाऱ्यांसाठी एक्झाम्पलॲडल्टसाइट डॉट कॉम आहे. लॉगमध्ये असली नावं दिसली तरी कोणाला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

आता यातली गोम. उलट्या मोडला "अडवलं" आणि "नेटच गेलंय" यातला फरक कळत नाही. वायर काढून ठेवली तरी सगळं हिरवंगार, फिल्टर एकदम टकाटक, कारण साइट उघडत नाहीये ना! त्यामुळे नुसता उलटा चेक लावून निवांत बसलात तर फसलात. त्याच्या जोडीला सरळ चेक पाहिजेच, जे उघडलंच पाहिजे असं काहीतरी, मी मराठी विकिपीडिया आणि भरतीची एक सरकारी साइट टाकलीय. सरकारी साइट फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी लाल होते, पण तो दोष फिल्टरचा नाही, तिचं नोटिफिकेशन बंदच ठेवलंय. सरळ चेक जास्त अडवणुकीसाठी पण लागतात. एप्रिल २०२० मध्ये ही फॅमिली सर्व्हिस चालू झाली तेव्हा ॲडल्टच्या नावाखाली एलजीबीटीक्यू लोकांच्या माहितीच्या साइट पण अडल्या होत्या, मग कंपनीने माफी मागून ते दुरुस्त केलं. म्हणजे मोठ्यांच्या लिस्टमध्ये पण गडबड होते. तुमच्या पोरांना जे रोज लागतं ते दोन-चार पत्ते सरळ चेकमध्ये टाकाच.

याहून चांगला उपाय म्हणजे डीएनएस टाइपचा मॉनिटर, म्हणजे साइट न उघडता डीएनएस काय उत्तर देतो तेच बघणारा चेक. १.१.१.३ साइट अडवतो म्हणजे काय करतो, तर खऱ्या पत्त्याऐवजी ०.०.०.० असं उत्तर देतो. अपटाइम कुमाच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये डीएनएस मॉनिटरला कंडिशन लावता येते, टेस्टच्या नावाला ०.०.०.० आलं तरच हिरवं. नेट गेलं तर उत्तरच येत नाही, लाल. फिल्टर गेला तर खरा पत्ता येतो, तरी लाल. प्रश्नच मिटला. पहिल्या व्हर्जनमध्ये ही सोय नाही, तिथे ०.०.०.० पण "उत्तर आलं" म्हणून पास होतं, तेव्हा जुनं वापरत असाल तर आधी अपडेट करा. आणि या मॉनिटरमध्ये रिझॉल्व्हर सर्व्हर म्हणून एक रकाना आहे, त्यात आधीपासून १.१.१.१ भरलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर तुम्ही तुमच्या राउटरला काही विचारतच नाही, थेट क्लाउडफ्लेअरच्या बिनफिल्टरवाल्या डीएनएसला विचारताय. तिथे राउटरचा पत्ता टाकायचा, आमच्याकडे १९२.१६८.१.१ आहे.

अजून एक, हे थोडं किचकट आहे पण सांगतोच. लिनक्सवर ०.०.०.० ला कनेक्ट केलं की ते स्वतःच्याच मशीनला जातं. म्हणजे अपटाइम कुमा होस्ट नेटवर्कवर (कंटेनर मशीनचंच नेटवर्क वापरतो, तसं) चालवत असाल आणि त्याच मशीनवर ८० पोर्टला दुसरा वेब सर्व्हर असेल, तर अडवलेली साइट "उघडली" असं दिसणार, कारण आपलाच सर्व्हर हजेरी देतो. म्हणून वेबवाला उलटा चेक एचटीटीपीएसनेच लावा आणि टीएलएस (एचटीटीपीएसमागची सुरक्षा) एरर दुर्लक्ष करायची टिक मारू नका, साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून तो बरोबर नापास होतो. ओपनडीएनएसचं वेगळं आहे, ते ब्लॉक पेजच्या पत्त्यावर नेतात, तिथे डीएनएस चेकमध्ये ०.०.०.० शोधत बसलात तर आयुष्यभर लाल दिसेल.

मशीन कुठे ठेवायचं यावर मात्र तडजोड नको. एका मित्राने हे सगळं क्लाउडवरच्या सर्व्हरवर लावलं होतं, दिसायला भारी, पण तो चेक त्या डेटा सेंटरच्या नेटचा, तुमच्या वायफायचा काय संबंध? मुलं ज्या वायफायवर बसतात त्याच वायफायवर मशीन पाहिजे, आणि डीएनएस हाताने न टाकता राउटरकडून जो मिळेल तोच घेऊ द्यायचा. शिवाय डॉकरच्या नेहमीच्या नेटवर्कमध्ये आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) नसतं. फायबरवाले हल्ली आयपीव्ही६ देतात, राउटर मुलांच्या फोनला आयपीव्ही६ वरचा कंपनीचा डीएनएस पण वाटत बसतो, आणि फोन मजेत फिल्टरला वळसा घालून जातो, इकडे पट्टी हिरवी. आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं. राउटरमध्ये आयपीव्ही६ साठी २६०६:४७००:४७००::१११३ आणि ::१००३ टाकलं आणि कंटेनर होस्ट नेटवर्कवर घेतला, तेव्हा कुठे खरं चित्र दिसायला लागलं.

पोरं हुशार आहेत, त्यांना प्रायव्हेट डीएनएस (राउटरला बगल देऊन फोनने आपला वेगळा डीएनएस वापरायची सोय) माहीत असतं, अँड्रॉइड ९ पासून ते सेटिंगमध्येच आहे. ते ८५३ पोर्टवरून जातं, राउटरवर तो पोर्ट बाहेर जायला बंद केला आणि अपटाइम कुमात टीसीपी पोर्ट मॉनिटर, ८.८.८.८, पोर्ट ८५३, उलटा मोड, झालं. रिसेट झाला की हा सगळ्यात आधी बोंबलतो. ब्राउझरमधला डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (वेबच्याच वाटेने डीएनएसला विचारणं) मात्र ४४३ वरून बाकी वेबसारखाच जातो, तो असा पोर्टवर पकडता येत नाही. व्हीपीएनचं पण तेच. आणि मोबाइल डेटा चालू केला तर विषयच संपला. काकांना हे स्पष्ट सांगून ठेवलंय, की हा पहारा फिल्टर जागेवर आहे का एवढाच सांगतो, कोण काय बघतंय ते नाही, आणि ते बघायचं पण नाहीये, भरतीची तयारी करणारी मोठी पोरं आहेत ती.

गुगल सेफसर्चचा (सर्चमधले अश्लील निकाल गाळणारी सोय) चेक पण लावलाय. राउटर गुगलचं नाव फोर्ससेफसर्चच्या पत्त्याला, म्हणजे २१६.२३९.३८.१२० ला नेतो, डीएनएस मॉनिटरमध्ये तोच आकडा कंडिशन म्हणून टाकला. दोन मिनिटांचं काम.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण हे फिल्टर तपासायला बनवलेलंच नाही, उलटा मोड आणि सरळ मोड यांची जोडी लावून "हा लाल असेल तर त्याचं ऐकू नको" असं सहज सांगता येत नाही, सगळं आपल्यालाच डोक्यात जुळवावं लागतं. ज्याला डॉकर म्हणजे काय तेच माहीत नाही त्याने घरच्यासाठी या भानगडीत पडू नये, आठवड्यातून एकदा फोनवरून टेस्टचा पत्ता उघडून बघावा, पुरे. शाळा, अभ्यासिका, छोटं ऑफिस असेल आणि कोणीतरी लिनक्स जाणणारा हाताशी असेल तर डोळे झाकून लावा. रिट्राय (बिघडलं म्हणायच्या आधी किती वेळा परत बघायचं) तीन-चार ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की राउटर चालू होईपर्यंत चेक उगाच लाल होत राहतात. आणि पहिल्या व्हर्जनवरून दुसऱ्यावर जाणार असाल तर आधी डेटा फोल्डरची कॉपी काढा, मायग्रेशनला (जुना डेटा नव्या व्हर्जनमध्ये न्यायला) जुन्या मशीनवर बराच वेळ लागतो, हँग झालं समजून मध्येच कंटेनर बंद करू नका.