शरभ करायचाय, पण कशाचा? कागद, पॉलिमर क्ले की एम-सील

शरभ माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. शिवनेरीसारख्या आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर दगडात कोरलेला असतो ना, वाघासारखा दिसणारा पण वाघ नसलेला, पंजांत हत्ती दाबलेले, कधीकधी शेपटीतही एखादा गुंडाळलेला, तोच. माझ्या भाचीला तो करायचाय, आणि तोही आठ पाय आणि पंखवाला, पुराणातला. गेले पंधरा दिवस रोज एक मेसेज, "मावशी, पॉलिमर क्ले मागवू का?" नाहीतर "मावशी, पेपरमॅशेला (म्हणजे कागदाच्या लगद्याला) वास येतो का गं?" म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं, दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला.

आधी एक गोष्ट. सगळे चेहरा डोळ्यासमोर ठेवून मटेरियल ठरवतात, मीपण तेच करायचे, आणि मग शेपटी तुटते, पंख लोंबतात, आठातले दोन पाय हवेत राहतात. ठरवायचं असतं ते सगळ्यात बारीक अवयवावरून. चेहरा कशातही जमतो हो, घोटा जमत नाही.

कागदापासून सुरुवात करू कारण तो घरात पडलेलाच असतो. रद्दी हाताने फाडायची, कात्रीने कापायची नाही, फाडल्यावर तंतू मोकळे होतात आणि एकमेकांत चांगले अडकतात. रात्रभर भिजत घालायची, सकाळी जुन्या मिक्सरमधून काढायची (नवा मिक्सर वापरलात तर घरात जे होईल ते तुमचं तुम्ही बघा), फडक्यात पिळायची आणि फेविकॉल नाहीतर मैद्याची खळ घालून मळायची. आतला सांगाडा म्हणजे हार्डवेअरवाल्याकडची जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी), तिच्यावर चुरगळलेले पेपरचे बोळे, वरून मास्किंग टेप. लगदा एका वेळी तीनचार मिलिमीटरच लावायचा, तो थर वाळला की पुढचा. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो आणि एकदम बोटभर जाड थापला जातो, मग वरून खडखडीत आणि आत ओला. मी एकदा ऐन जुलैत असा एक मकर (मगरीसारखा पुराणातला प्राणी) केला होता, महिन्याभराने त्याच्या पोटातून ओल्या फडक्याचा वास यायला लागला, कापून बघितला तर आत काळी बुरशी. आणि मैद्याची खळ वापरलीत तर झुरळं आणि कसर तुमच्या प्राण्यावर तुमच्याआधी प्रेम करतात. बाइंडिंगवाले म्हणूनच खळीत मोरचूद टाकायचे, पण ते विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर नकोच, सरळ फेविकॉल वापरा.

एवढं असूनही मोठ्या प्राण्याला मी कागदच म्हणीन, कारण वजन. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात, म्हणजे तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवात, कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून लोक नाचतात, तेच मातीचे असते तर मानेचं काय झालं असतं विचार करा. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्रीचे ते उंचच्या उंच नरकासुरसुद्धा सांगाडा, गवत आणि कागदावरच उभे असतात. आणि मेक्सिकोत तर याचं इतकं छान उदाहरण आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे काल्पनिक प्राण्यांना आलेब्रिखे म्हणतात. मेक्सिको सिटीच्या पेद्रो लिनारेसने १९३६ मध्ये आजारपणात पडलेल्या स्वप्नातले प्राणी कागदात करायला घेतले, त्यामुळे तिथले प्राणी सगळीकडून फुटलेले, पंख, काटे, जिभा, शिंगं, काही म्हणून हात आखडता नाही. तीच कल्पना पुढे दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाकडे गेली, तिथे कोपाल झाडाच्या लाकडात कोरतात, तर तिथला प्राणी फांदीच्या आकारात बसलेला, लांबुळका, आणि कान, शेपटी, पंख बऱ्याचदा वेगळे करून भोकांत खोचलेले. कल्पना एकच पण प्राण्याची अंगकाठी मटेरियलने ठरवली. मेक्सिको सिटीत २००७ पासून राक्षसी आकाराच्या आलेब्रिख्यांची मिरवणूक निघते, तीही मुख्यतः कागदाचीच.

आता पॉलिमर क्ले, भाचीचं खरं प्रेम. नावात क्ले असली तरी ती माती नाही, पीव्हीसी आणि ते मऊ ठेवणारं द्रव्य यांचं मिश्रण असतं, त्यामुळे ती वाळतच नाही. आणि हीच तिची मजा. एका नाकपुडीवर आठवडा घालवा, पाऊस पडू दे, परीक्षा येऊ दे, झाकून ठेवलेला प्राणी तुमची वाट बघत तसाच मऊ. फक्त प्लास्टिकच्या कुठल्याही डब्यात टाकू नका, कच्ची क्ले काही प्लास्टिकं अक्षरशः विरघळवते. कागदात पापणी काढायला गेलात तर वाळेपर्यंत ती आक्रसून नुसता उंचवटा उरतो, पॉलिमरमध्ये सुईने काढलेली सुरकुती भाजल्यावरही जशीच्या तशी.

पण ओव्हन लागतो. मायक्रोवेव्ह नाही, ओटीजी, म्हणजे कॉइलवर तापणारा छोटा ओव्हन. ब्रँडप्रमाणे साधारण ११० ते १३० डिग्री, पाकिटावर असतं ते वाचा, आणि ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, वेगळा ओव्हन थर्मामीटर आत ठेवा. माझ्याकडच्या ओटीजीचा आकडा आणि खरं तापमान यांची कधी ओळखच झाली नाही. क्ले करपली तर नुसता वास नाही, हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, खिडक्या उघडून बाहेर पडायचं. दुसरी अडचण पैशाची. बऱ्याच ब्रँडचं छोटं पाकीट ५७ ग्रॅमचं असतं आणि वीतभर शरभाच्या नुसत्या धडात अशी कितीतरी गडप होतील, म्हणून आत ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा आणि वरून क्लेची पातळ साल. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही, गरम असताना क्ले आणखी मऊ पडते, त्यामुळे पसरलेले पंख ओव्हनमध्ये हळूच मान टाकतात. आत तार हवी आणि खालून टेकू हवा.

एकाच प्राण्यात दोनतीन मटेरियल मिसळायची तर खरा प्रश्न इथेच येतो, काय ओव्हनमध्ये जाऊ शकतं आणि काय नाही. तार, फॉइल, काचेचे मणी, कागद बिनधास्त जातात. थर्माकोल, प्लास्टिकचे मणी, नकली फर यांचं आत पाणी पाणी होतं, म्हणून ते सगळं भाजल्यानंतर लावायचं. पिस्त्याची टरफलं खवल्यांसाठी फार सुंदर दिसतात, सीताफळाच्या बियाही, पण कच्च्या क्लेत नुसत्या दाबल्या तर भाजल्यावर टपाटप गळतात, काढून परत ग्लूने चिकटवाव्या लागतात. कागदावर मात्र फेविकॉल लावला की विषय संपला. आयाळीला नारळाचा काथ्या, डोळ्यांना काचेचे मणी. त्यामुळे प्राणी जितका खवलेवाला, केसाळ, तितकं पारडं कागदाकडे झुकतं.

एम-सील म्हणजे एपॉक्सी पुट्टी, प्लंबरवाली. दोन भाग सारखे घेऊन रंग एक होईपर्यंत मळायचे, मग साधारण अर्धा तास तुमचा. आक्रसत नाही, तारेला, काचेला, वाळलेल्या कागदाला, भाजलेल्या क्लेला, सगळ्याला धरते. नखं, सुळे, घोटे, पंखाचा सांधा, इथे हिला तोड नाही. पण अख्खा प्राणी हिचा करू नका, दर अर्ध्या तासाला परीक्षा कोण देणार. आणि हातमोजे घाला, नाहीतर कातडीला ॲलर्जी होऊ शकते.

एअर ड्राय क्लेबद्दल फार लिहित नाही. सोपी आहे, वास नाही, पण वाळताना आक्रसते आणि आतली तार आक्रसत नाही, मग भेगा. बुजवत बसायची तयारी असेल तर घ्या. शाडूचं तसंच, आपल्याला गणपतीमुळे ती हाताला ओळखीची वाटते, पण गणपती बसलेला असतो, मांडी, पोट, लोड सगळं एकमेकांना धरून. आठ पायांवर उभा शरभ न भाजलेल्या शाडूत म्हणजे धाडस. काथ्या, कापूस मळून थोडी ताकद येते, पण पंखाची कड पातळ ठेवलीत तर ती हातात येणारच. बसलेला व्याळ (देवळांवर कोरतात तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी) करायचा असेल तर मात्र शाडूइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

रंगाला सगळीकडे ॲक्रिलिक. पॉलिमरवर नेलपॉलिश किंवा कसलाही स्प्रे मारू नका, काही महिन्यांनी चिकट होतं आणि मग प्राण्याला आयुष्यभर धूळ.

तर भाचीचा हिशोब असा झाला. ठाण्यातला फ्लॅट, ओव्हन नाही, पंख दीड फूट हवेत, म्हणजे धड आणि पंख कागदाचे, पण आता मेच्या उन्हात वाळवून घ्यायचे, जून लागला की बंद. घोटे आणि नखं एम-सीलची. चेहराही कागदाचाच कर म्हटलं, दगडातल्या शरभालाही कुठे पापण्या असतात. ती रुसली. मग तडजोड झाली ती हत्तींवर. पंजांतले हत्ती बोराएवढेच असणार, ते पॉलिमरचे, आत फॉइल घातलं तर एका पाकिटात चार सहज होतील, आणि समोरच्या काकूंकडे ओटीजी आहे. काकूंना अजून विचारायचंय. हत्ती भाजायचेत हे त्यांना नेमकं कसं सांगायचं, यावर आमची चर्चा चालू आहे.