वागाशीचं एकच दुकान बघायचं असेल तर: गिओनचं कागिझेन की आकासाकाचं तोराया?

जपानला निघालेले इंटिरियर डिझाइनचे विद्यार्थी आणि स्वतःचं मिठाईचं दुकान नव्यानं मांडायला निघालेले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. वागाशी, म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई, विकणारं एकच दुकान निवांत बघायला सवड आहे, तर कुठलं बघू? माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: क्योटोतलं कागिझेन योशिफुसा आणि टोकियोतलं तोराया.

त्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या वागाशीच्या दुकानात मिठाई मांडून ठेवायची पद्धतच नव्हती. दुकान म्हणजे आपल्याकडच्या जुन्या सराफी पेढीसारखी उंच बैठक. विकणारा तातामीवर, म्हणजे गवताच्या जाड चटईवर बसलेला, गिऱ्हाईक कडेला टेकलेलं, आणि मध्ये रंगीत चित्रांची वही. चित्र बघून मागणी द्यायची, मग मिठाई बनायची. तोरायाकडे अशी 1695 सालची वही आजही आहे. दुकानात गिऱ्हाइकाला काय दिसायचं? लाकूड, मातीची भिंत, दारावरचा नोरेन म्हणजे कापडी पडदा आणि माणसांची वागणूक. काचेची कपाटं फार नंतर आली. आजची चांगली दुकानं या जुन्या रिकामेपणाचं काय करतात, तेच मी बघतो.

कागिझेन क्योटोच्या गिओन भागात शिजो रस्त्यावर आहे. व्यवसाय अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनचा. नोरेन बाजूला सारून आत गेलात की नजर मिठाईवर न जाता आधी केयाकी या जपानी झाडाच्या लाकडाच्या भल्यामोठ्या कपाटावर जाते. ते 1930च्या दशकात कुरोदा तात्सुआकी (1904–1982) यांनी केलं. पुढे 1970 मध्ये लाकूडकामासाठी जपाननं त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला, पण कागिझेनच्या मालकानं त्यांना काम दिलं तेव्हा ते तरुण होते. कपाटाजवळ जाऊन बघा. उरुशीच्या झाडाचा चीक लाकडावर चोळायचा, पुसून काढायचा, वाळला की पुन्हा चोळायचा, अशी ती पद्धत. त्यामुळे रंग वर बसत नाही, आत मुरतो. केयाकीच्या रेषा दबत नाहीत, उलट खोल दिसायला लागतात. रस्त्यावरचा उजेड त्या फळ्यांवर येतो तेव्हा लखलखाट होत नाही, गुळाच्या पाकासारखी तांबूस चमक येते. तिच्याजवळ ठेवलेली फिकट गुलाबी मिठाई आपोआप उठून दिसते, वेगळा दिवा सोडावा लागत नाही.

मिठाई दाबून काढायचे लाकडी साचेही बघायला मिळतात. मोदकाचा साचा हाताळलेल्या माणसाला ते लगेच कळतात, फक्त इथलं कोरीवकाम कितीतरी बारीक. मागच्या चहाघरात कुझुकिरी मागवा. कुझू या वेलीच्या कंदाच्या पिठाच्या पारदर्शक पट्ट्या बर्फाच्या पाण्यात येतात, सोबत काळ्या साखरेचा पाक. गिओनच्या चहागृहांत हीच कुझुकिरी पोचवायला कुरोदांनी शिंपल्याचं जडावकाम असलेले डबेही केले होते. कपाट आणि डबा एकाच हातचे. सजावट भिंतीपाशी थांबू नये हे मला इथेच पटलं.

टोकियोच्या आकासाका भागातलं तोराया याच्या अगदी उलट टोकाचं. तोराया मूळचं क्योटोचं, राजघराण्याला मिठाई पुरवणारं. 1869 मध्ये सम्राटामागोमाग टोकियोला आलं. आताची इमारत वास्तुकार नाइतो हिरोशी यांची, 2018 मध्ये उघडली. आधी इथे उंच इमारत बांधायचं घाटत होतं, ते सोडून मालकांनी मोजक्या मजल्यांचं, रस्त्याच्या वळणाकडे पंख्यासारखं उघडणारं काचेचं दुकान बांधलं. आत योशिनो भागातल्या हिनोकी या फिकट लाकडाचं अस्तर. जिना चढताना रस्त्यावरच्या माणसांना तुम्ही दिसता आणि तुम्हाला ती. वरच्या मजल्यावर चहाघर, समोर राजघराण्याच्या आवाराची झाडी. बनवणाऱ्यांचे हात काचेतून दिसतात, ते मात्र चुकवू नका.

जागा मोठी असेल, भरपूर ऊन येत असेल आणि गिऱ्हाइकाला वरच्या मजल्यावर न्यायचं असेल, तर तोराया बघा. फिकट लाकूड उजेड कसा पसरवतं, जिना हाच दुकानाचा चेहरा कसा होतो, हे तिथे शिकता येतं. पण वीस फुटांचा गाळा असेल, उजेड एकाच बाजूनं येत असेल, तर कागिझेन. आपल्यातल्या बहुतेकांचा गाळा असाच असतो, म्हणून माझं मत सरळ कागिझेनला. खर्चाचं म्हणाल तर दोन्ही ठिकाणचं लाकूड आपल्या आवाक्यातलं नाही. तरी एका उत्तम कारागिराकडून एकच मोठी वस्तू करून घ्यायची आणि बाकीचं दुकान शांत ठेवायचं, ही कागिझेनची रीत सागवानातही जमेल. नाइतोंचा जिना तसा उचलून आणता येत नाही.

तिसरं नाव काहीजण घेतात, ओमिहाचिमानचं ला कोलिना. तानेया या मिठाईच्या कंपनीचं, वास्तुकार फुजिमोरी तेरुनोबु यांचं, 2015 मधलं. छपरावर गवत, आत पांढऱ्या गिलाव्यावर कोळशाचे तुकडे चिकटवलेले. मुलांना घेऊन जात असाल तर जरूर जा, पण दुकानाच्या मांडणीचा धडा म्हणून मी ते मागे ठेवीन, कारण तिथे माणसं आधी इमारत बघायला येतात.

कागिझेनला सुट्टीचा वार तपासून आणि सकाळी जा. चहाघराला रांग असते, पण पुढच्या दुकानाला नसते. फोटोआधी विचारा. चालत थोड्या अंतरावर त्यांचंच छोटं संग्रहालय आहे, झेनबी, 2021 मध्ये उघडलेलं. तिकडे जायच्या आधी कपाटासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि दुकानातल्या बाईंना मिठाईचा एक डबा बांधायला सांगा. कागद तिरका धरून त्या डबा कसा फिरवतात ते बघा.