नोकरी म्हणून हे हॉस्पिटल: पाचपैकी तीन तारे

पेशंटांचे रिव्ह्यू ढीगभर आहेत, पार्किंगपासून कॅन्टीनच्या इडलीपर्यंत. हा स्टाफ नर्सचा. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्यावर पुण्याबाहेरच्या या 150 खाटांच्या खासगी हॉस्पिटलात लागले. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणी गेल्या, मी आहे. नाव लिहीत नाही, उद्या ड्युटी आहे.

आधी पगार. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सुचवलं होतं की 100 ते 200 खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सचा पगार सरकारी पगारापेक्षा फार तर 10 टक्के कमी असावा. 50 खाटांहून लहान ठिकाणीसुद्धा किमान 20,000. आमचा पगार त्या वीस हजारांभोवतीच घुटमळतो. ‘शिफारस आहे, कायदा नाही,’ इति एचआर.

रात्री जनरल वॉर्डात 24 पेशंट आणि आम्ही दोघी. एक अँटिबायोटिक्स देत फिरत असते, तेवढ्यात अ‍ॅडमिशन येतं, दुसरी त्यात अडकते आणि बेल वाजतच राहते. नातेवाईक ओरडणार आमच्यावरच. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचचं इन्स्पेक्शन असलं की मात्र कुठून कुठून सिस्टर उगवतात!

मग तीन तारे कशाचे? आमच्या इन्चार्ज मॅडमचे. त्या रोस्टर पेन्सिलने लावतात आणि पक्कं करण्याआधी प्रत्येकीला विचारतात. गौरी बसवणाऱ्या घरच्या सुनांना आलटूनपालटून सुट्टी मिळते. नाईटनंतर हँडओव्हर लांबला तर स्वतः औषधं मोजायला घेतात, ‘तू नीघ गं, बस चुकेल.’ एकदा एक डॉक्टर सॅम्पलवरून नव्या मुलीला नातेवाइकांसमोर झापत होते. मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं, ‘माझ्या मुलींचं काही असेल तर मला सांगा, सर.’ त्या मुलीने राजीनामा लिहून ठेवला होता, दिला नाही.

तरी सरकारी भरतीची जाहिरात आली की अर्धा वॉर्ड अभ्यासाला लागतो. दोघी जर्मनीत नोकरीसाठी जर्मनच्या क्लासला जातात. त्यांना अडवायला मॅडमकडेही काही नाही, पगार त्यांच्या हातात नाही.

मुलाखतीला आलात तर रात्री वॉर्डात किती जणी असतात ते विचारा. ओरिजिनल सर्टिफिकेटं मागितली तर दाखवून परत घ्या, जमा करू नका. बाँडचा कागद घरी नेऊन वाचा.

हॉस्टेल बरं आहे, गीझर चालतो. मेसची भाजी पाण्यासारखी; नाईटला डबा आपलाच न्या.