वजनकाटा, आठ महिने आणि आईचे अनारसे

गेल्या सप्टेंबरात स्वयंपाकघरासाठी डिजिटल वजनकाटा घेतला. 5 किलोपर्यंत वजन, 1 ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो. आठ महिने जवळजवळ रोज वापरला, म्हणून आता लिहिते.

घेतला तो अनारशांसाठी. 2023चा अधिक श्रावण हा लेकीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक. जावयाला 33 अनारशांचं वाण घरचंच द्यावं, असं फार मनात होतं. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सगळं यथासांग केलं. पहिलाच अनारसा तुपात हसला, म्हणजे फुटून विरघळला. दुसराही, तिसराही. कढईच्या तळाशी नुसता गाळ. वाण शेवटी विकतचं गेलं, आणि पुढे दोन वर्षं मी अनारशांसाठी तांदूळ भिजत घातलेच नाहीत.

साहित्याची यादी लांब असली की घरी कोणी तो पदार्थ करायला धजत नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही. अनारशांना लागतं काय? तांदूळ, गूळ, तूप, खसखस. पाऊल अडतं ते वहीतल्या ‘गूळ मावेल तेवढा’पाशी. बिघडलं तर कढईभर साजूक तूप आणि चार-पाच दिवसांची मेहनत वाया.

दिवाळीआधी आई राहायला आली. ती 81 वर्षांची. तिला म्हटलं, तू तुझ्या हाताने घे, मी फक्त काट्यावर ठेवते. तिची वाटी घासून आणलीच होती. पाण्याने भरली तर 150 ग्रॅम, माझी 200. पीठ ती चाळून अलगद भरते, गूळ मात्र अंगठ्याने दाबून. तीन वाट्या पीठ भरलं 240 ग्रॅम, आणि दोनच वाट्या गूळ 235. म्हणजे वजनाला वजन! मी तेव्हा वाटीला वाटी, तोही दाबून, घातला होता. गूळ पिठाच्या दीडपट झाला होता. दोन वर्षं मला वाटत होतं, माझ्या हाताला ते जमतच नाही.

दिवाळीत एकही हसला नाही. जाळी अशी पडली की आई ताटलीतला अनारसा उजेडाकडे धरून बघत बसली.

उणिवाही आहेत. दोन मिनिटं हात लावला नाही की काटा बंद पडतो आणि आधीचं शून्य जातं. मोठी परात ठेवली की आकडे झाकले जातात. पंख्याखाली आकडा स्थिर राहत नाही. हिंग, यीस्ट अशा ग्रॅम-दोन ग्रॅमच्या गोष्टी मी चमच्यानेच घेते.

आणि पिठाचा ओलसरपणा त्याला कळत नाही. तांदूळ पंचावर सावलीत पसरून, हाताला दमट लागताहेत तोवरच दळायचे, ही खूण आईच्या शेजारी उभं राहूनच शिकले. ओलं पीठ तेवढ्याच वजनात कमी तांदूळ देतं, मग गूळ जास्त होतो. म्हणून आता सगळं मळण्याआधी मूठभर पीठ बाजूला काढून ठेवते आणि एक अनारसा आधी तळून बघते. हसला तर ते पीठ मिसळते.

17 मेला अधिक ज्येष्ठ लागतोय. माझी एक गोळी 20 ग्रॅमची. 33साठी 350 ग्रॅम पीठ, तेवढाच गूळ. गोळे डब्यात मुरायला ठेवलेत.