जुना बाजार: गाइडसोबत फिरावा की एकट्यानं?

परक्या शहरातला जुना बाजार, म्हणजे जुन्या वस्तू विकल्या जातात तो, पाहायला बरेच जण गाइड घेतात, ते त्यानं आपल्या वतीनं भाव करावा म्हणून. माझं मत उलट आहे. गाइड घ्यायचा तर बाजार समजून घेण्यासाठी घ्यावा. खरेदीला मात्र एकट्यानं जावं.

गाइड बरोबर असला की विक्रेता दोनपैकी एक हिशेब करतो. गाइड ओळखीचा असेल तर त्याचं कमिशन तुमच्या भावात बसतं. अनोळखी असेल तर गाइडला पैसे देऊ शकणारं गिऱ्हाईक म्हणून तुमच्याकडे पाहिलं जातं. शिवाय घासाघिशीत खरी ताकद असते ती वस्तू खाली ठेवून पुढे निघून जाण्यात. गाइडचं घड्याळ चालू असताना हे जमत नाही, तो तुम्हाला पुढच्या थांब्याला न्यायच्या घाईत असतो. एकटे असाल तर दोन गल्ल्या फिरून परत येता आणि तेवढ्यानंच भाव उतरलेला असतो. भाषेची अडचणही वाटते तेवढी नसते. मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवला की व्यवहार पुढे सरकतो.

वेळेचाही प्रश्न आहे. चांगला माल पहाटेच उचलला जातो, कारण गाड्यांतून माल उतरत असतानाच व्यापारी हजर असतात. गाइडच्या फेऱ्या सहसा सकाळ बरीच वर आल्यावर निघतात. दुसरीकडे, बाजार उठायच्या वेळी सामान परत न्यायचा कंटाळा आलेला विक्रेता पटकन खाली येतो, आणि तेव्हा फेरी कधीच संपलेली असते.

पण बाजार मोठा आणि गुंतागुंतीचा असेल तर पारडं फिरतं. पॅरिसच्या उत्तर वेशीवरचा सँतुआँ घ्या. हा एकच बाजार नाही, दहाहून अधिक वेगवेगळे बाजार एकमेकांना लागून आहेत. त्यातल्या व्हेर्नेझाँच्या अरुंद बोळांत बटणं, पोस्टकार्डं, काचसामान असा बारीक माल, तर पॉल बेर सेर्पेतमध्ये महागडं फर्निचर. कुठून शिरायचं हे माहीत नसलं तर अर्धी सकाळ पर्यटकांसाठी मांडलेल्या नव्या टी-शर्टांमध्येच जाते. शहरानं बाहेर ढकललेल्या चिंध्या-भंगार वेचणाऱ्यांनी तटाबाहेर हा बाजार कसा उभा केला, हे तिथं उभं राहून ऐकलं की त्या गल्ल्या वेगळ्या दिसू लागतात. त्या गोष्टीसाठी मी गाइडला आनंदानं पैसे देईन. याउलट ब्रुसेल्सच्या प्लास द्यू ज्यू द बालवर १८७३ पासून बाजार भरतो, तोही उघड्या चौकात, थेट फरसबंदीवर माल पसरून. तिथं वाट चुकायला जागाच नाही, गाइड कशाला हवा?

गाइड म्हणजे सगळे सारखे नव्हेत. इतिहास सांगणारा वेगळा आणि जुन्या मालाच्या धंद्यात मुरलेला वेगळा. दुसरा मिळाला तर सोडू नका. एकोणिसाव्या शतकातलं म्हणून विकायला ठेवलेलं एखादं टेबल आहे असं समजा. असा माणूस वरच्या पॉलिशकडे बघतही नाही. खण पूर्ण बाहेर ओढतो, उलटा करतो आणि कोपऱ्यांचे सांधे बघतो. हातानं कापलेले दाते थोडे कमीजास्त असतात, यंत्राचे एकसारखे. मग स्क्रू बघतो. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आला, त्यामुळे तो मुळापासून असेल तर टेबल एकोणिसाव्या शतकातलं नाही. पितळी म्हणवणाऱ्या मुठीला तो खिशातलं लोहचुंबक लावतो. चिकटलं, तर आत लोखंड आणि वर मुलामा. हे एकदा डोळ्यांदेखत पाहिलं की पुढच्या प्रत्येक बाजारात तुमच्या कामी येतं, गाइड असो वा नसो.

कागदपत्रांच्या बाबतीतही स्थानिक माणूस उपयोगी पडतो. विक्रेत्याकडून नाव-पत्त्यासह पावती लिहून घेणं त्याला सोपं जातं, आणि महागड्या वस्तूला ती हवीच, कारण वस्तू चोरीची निघू शकते. अमेरिकेत जुन्या बाजारातून घेतल्याचं सांगितलेलं फ्रेंच चित्रकार रेन्वारचं छोटं चित्र २०१४ साली न्यायालयानं बाल्टिमोरच्या संग्रहालयाला परत दिलं, कारण ते १९५१ मध्ये तिथून चोरीला गेलेलं होतं. हस्तिदंताची वस्तू असेल तर गाइड काहीही म्हणो, घेऊ नका. योग्य परवान्यांशिवाय ती सीमेपार नेता येत नाही.

म्हणून हातात एकच सकाळ असेल, बाजार अनेक गल्ल्यांचा असेल आणि जुन्या वस्तूंची पारख नसेल, तर गाइड घ्या, पण दोनच तासांसाठी. फक्त गंमत म्हणून फिरायचं असेल किंवा नेमकी काय वस्तू हवी ते ठरलेलं असेल, तर पैसे वाचवा. ठरवण्याआधी त्याला सरळ विचारा: दुकानदारांकडून काही घेता का, आणि स्वतः जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री केली आहे का? पहिल्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरा गाइड बघा. फेरीत आवडलेल्या वस्तूकडे रेंगाळू नका, गाळ्याचा नंबर तेवढा टिपून ठेवा. गाइडचा हिशेब पुरा करून त्याला निरोप द्या आणि मग एकटे त्या गाळ्यावर परत जा.