अंत्यविधीचं ‘पॅकेज’: 18,500 सांगितले, 58,234 घेतले

हे लिहायला लाज वाटते. पण अंत्यविधीचा तोच एजंट हॉस्पिटलच्या गेटवर अजून कार्डं वाटतोय, म्हणून लिहितोय.

पद्धत सगळ्यांना माहीत आहे. माणूस जातो, वॉर्डबॉय ‘लागलं तर ठेवा’ म्हणत कार्ड देतो आणि फोनवरचा आवाज म्हणतो, ‘दादा, तुम्ही फक्त आईजवळ बसा, बाकी सगळं आमच्याकडे.’ माझी आई गेली त्या रात्री पावणेतीनला ठरले 18,500, ‘सगळं धरून’. दुपारी स्मशानाच्या फाटकात बिल हातात आलं ते असं: शववाहिनी 6,500, शीतपेटी 11 तास 5,500, सामान 7,800, लाकूड 400 किलो 6,400, स्मशान बुकिंग 2,500, गुरुजी 5,100, चार माणसं 4,000, मृत्यू दाखला ‘एक्सप्रेस’ 3,500. बेरीज 41,300. त्यावर 18 टक्के जीएसटी 7,434. एकूण 48,734. दुसऱ्या दिवशी अस्थिविसर्जनाचे म्हणून आणखी 9,500 गेले.

ती जीएसटीची ओळ. तिथेच थांबायला हवं होतं. अंत्यसंस्कार, दफन, स्मशान, शवागार आणि पार्थिवाची वाहतूक या सेवा केंद्रीय जीएसटी कायद्याच्या अनुसूची 3 मध्ये आहेत, म्हणजे त्यांवर जीएसटी लागतच नाही. 2022 साली ‘स्मशानावर 18 टक्के’ अशी बोंब उठली होती, तेव्हा केंद्र सरकारने खुलासा केला होता की तो दर स्मशान बांधण्याच्या कंत्राटाला आहे, अंत्यसंस्काराला नाही. मला हे ठाऊक होतं. बिलावर 27 ने सुरू होणारा जीएसटी क्रमांकही छापलेला होता. घरी येऊन मोजला तर चौदाच अक्षरं. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. बोट ठेवून मोजायला दहा सेकंद लागली असती. पण आई गाडीत होती, मागे सत्तर माणसं उभी होती आणि एजंट म्हणाला, ‘सही करा, मग उतरवून घेऊ.’ त्या क्षणी घासाघीस करणारा मुलगा कुणाला व्हायचंय? ही मंडळी नेमका हा संकोच विकून खातात. तुमच्यापैकी कुणीही सही केली असती.

लाकडाचं ऐका. मुंबई महापालिकेच्या स्मशानात एका पार्थिवाला 300 किलो लाकूड मोफत मिळतं. ते आमच्या नावावर उचललं गेलं, स्मशानाच्या नोंदीत तसं आहे, आणि तेच आम्हाला 400 किलो म्हणून 16 रुपये किलोने विकलं. ‘बुकिंग’ नावाचं काही नसतं. स्मशानातल्या कारकुनाकडे डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि मृत व्यक्तीचं व अर्जदाराचं आधार दाखवून नोंद होते, पावती मिळते. पावती घरच्याच माणसाने घ्यावी, एजंटच्या हातात जाऊ देऊ नये. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना 4 देतात, घरी झाला तर नमुना 4अ, आणि दोन्ही विनामूल्य. त्यावरच्या नावाचं स्पेलिंग आधारशी तिथेच ताडून बघा. एक अक्षर चुकलं तरी पुढे बँक आणि विमावाले महिनोन्‌महिने फिरवतात.

दाखल्याचे 3,500 तर शुद्ध लूट. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि नोंद करणाऱ्याला पहिला दाखला मोफत देणं हे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने निबंधकाचं कामच आहे. ‘एक्सप्रेस’ काही नाही. वर आमच्या आधारच्या प्रती त्या एजंटकडे राहिल्या. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं ‘फक्त अंत्यविधीसाठी’ आणि तारीख लिहून द्या.

सामानात ‘चंदन 1 किलो, साजूक तूप 2 किलो’ असं लिहिलं होतं. किलोभर खरं चंदन 7,800 च्या सगळ्या सामानात बसूच शकत नाही. प्रत्यक्षात आल्या अत्तर मारलेल्या ढलप्या आणि वनस्पती तुपाची एक पिशवी. तिरडीला लागतं काय? दोन लांब बांबू, कामट्या, काथ्या, कोरं पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, कापूर, राळ, तीळ, तुळस, गुलाल, हार. स्मशानाजवळच्या दुकानात हे सगळं एकत्र मिळतं. आळीतल्या दोन जाणत्या माणसांना पाठवा, ते यादीशिवाय आणतात. बांबू वाळलेला घ्या, ओला वाकतो. काथ्या आडव्या कामटीला प्रत्येक जागी दोन वेढे देऊन आवळायला सांगा. आमच्याकडे एकेकच वेढा होता आणि जिन्याच्या वळणावर मधली कामटी सरकली. चार हजारांची चार माणसं तेव्हा खाली गाडीजवळ उभी होती.

याच माणसांनी जीवखडाही घालवला. मडकं फोडलेला तो दगड दहाव्यापर्यंत जपायचा असतो, पिंडदान त्याच्यावरच होतं. यांनी तो खापरांबरोबर झाडून टाकला आणि नंतर रस्त्यावरची खडी आणून दिली. जीवखडा अग्नी देणाऱ्यानेच लगेच फडक्यात बांधून जवळ ठेवावा.

शीतपेटी दिवसाच्या भाड्याने ठरवा, तासावर नाही. आणि ती आधी चालू करून थंड झालेली हवी. आमची टेम्पोतून बंद आली, गार होईतो दीड तास गेला, तो दीड तासही बिलात धरला. पेटी थेट भिंतीतल्या प्लगला लावा, लांबच्या एक्स्टेन्शनवर वायर तापते. पेसमेकर बसवलेला असेल तर हॉस्पिटलातच काढून घ्यायला सांगा, दाहात तो फुटतो. हे एजंट विचारत नाहीत.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात अडीच तास बसवून सांगितलं, ‘पैसे तुम्ही स्वतः दिलेत, सही तुमची, ही दिवाणी बाब आहे.’ खोटा कर क्रमांक छापून कर वसूल करणं ही दिवाणी बाब? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 कशाला आहे? अदखलपात्र नोंदीचा कागद देऊन वाटेला लावलं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, ‘तुम्ही खुशीने पाठवले, हा सायबर गुन्हा नाही.’ 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, एजन्सीने ‘सेवा पूर्ण दिली’ असं उत्तर दिलं आणि तक्रार बंद. वॉर्ड ऑफिसात ‘एजंटशी आमचा संबंध नाही’ म्हणणाऱ्या कारकुनाने त्याच एजंटला माझ्यासमोर नावाने हाक मारली. हॉस्पिटल म्हणतं, गेटबाहेर काय चालतं ते आम्हाला माहीत नाही. कार्ड वॉर्डात मिळालं, गेटबाहेर नाही, हे तीनदा लिहून दिलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करायचं असतं. तेवढंच आता उरलंय. म्हणून मूळ बिल, यूपीआयचे स्क्रीनशॉट, कॉलची नोंद, काहीही पुसू नका. ठरलेला आकडा त्याच फोनवरून मेसेजने मागवून घ्या. आमच्याकडे 18,500 चा लेखी पुरावा नाही.

आणि ते 9,500. ‘नाशिकला रामकुंडावर आमचे गुरुजी विधिवत विसर्जन करतील, फोटो येईल.’ फोटो आला. आमचा कलश मातीचा होता, तोंडाला पांढरं कापड, त्यावर बहिणीने बांधलेली निळी लोकरीची गाठ, कारण घरात दोरा सापडला नव्हता. फोटोतला कलश तांब्याचा, वर लाल कापड. विचारलं तर म्हणाले, ‘तिथे भांडं बदलतात.’ अस्थी कुणाच्याही हाती देऊ नका. नाशिक रोडला उतरून रिक्षाने रामकुंड गाठता येतं, तीर्थपुरोहित तिथेच असतात, दक्षिणा आधी विचारून घ्यावी.

अस्थी कुठे सोडल्या ती जागा तरी सांगा, एवढंच विचारणारी चार पत्रं एजन्सीला रजिस्टरने पाठवली. तीन स्वीकारली गेली, चौथं ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आलं.