शंभर रंगीत चित्रांच्या नावाखाली झेरॉक्स

जुनी सचित्र निसर्गपुस्तकं ऑनलाइन मागवत असाल, तर मुखपृष्ठाच्या फोटोवर जाऊ नका. माझे साडेचौदाशे रुपये असेच गेले.

पुस्तक एर्न्स्ट हेकेलचं. या जर्मन जीवशास्त्रज्ञाची मुख्यतः समुद्रजीवांची चित्रं १८९९ ते १९०४ या काळात भागाभागाने निघाली, एकूण १०० चित्रपानं. यातल्या आठव्या पानावरच्या एका जेलीफिशला त्याने आपल्या दिवंगत पत्नीचं, आना सेथेचं, नाव दिलंय. मला ते पान मोठ्या आकारात, रंगांसकट हवं होतं.

आलं ते वहीएवढं पुस्तक. वर गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठ, आत सगळं काळंपांढरं. रेडिओलॅरिया या सूक्ष्म समुद्रजीवांचे नाजूक सांगाडे म्हणजे नुसते शाईचे डाग. सतरा चित्रपानं गायब, आणि एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा! विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, जुनं पुस्तक आहे, असंच येणार." धडधडीत खोटं. मूळ पुस्तकात बरीचशी चित्रं रंगीत आहेत, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शिळाछापातली. मग त्याने वर्णनाच्या तळाशी असलेली ओळ दाखवली: मूळ प्रत जुनी असल्याने काही पानं अस्पष्ट वा गहाळ असू शकतात. ती ओळ 'आणखी वाचा'वर टिचकी मारल्याशिवाय दिसतच नाही.

हा धंदा चालतो कसा? हेकेल १९१९ साली वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे हे पुस्तक आता कुणीही छापावं. ही मंडळी इंटरनेटवरचं फुकटचं स्कॅन उतरवतात आणि ऑर्डर आली की एकच प्रत काढतात. रंगीत छपाई महाग, म्हणून आतला मजकूर काळापांढरा. छापणं कायदेशीर असल्यामुळे पायरसीची तक्रारही करता येत नाही. तक्रार करायची ती दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, क्रमांक १९१५. मी केली आहे. त्यानंतर विक्रेता एकदम मऊ झाला आणि अर्धे पैसे द्यायला तयार झाला. मी पूर्ण मागितलेत.

तेव्हा पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून आतल्या दोन-तीन पानांचे फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारा. 'आतली छपाई रंगीत' हे लेखी घ्या. प्रकाशकाचं नाव दिसत नसेल तर पुढे जाऊच नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माझ्या तक्रारीत तोच कामी आला.

आणि चित्रं नुसती पाहायचीच असतील, तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर जुनी निसर्गपुस्तकं स्कॅन करून फुकट ठेवलेली आहेत. हेकेलही तिथे आहे, रंगांसकट.